विझिंजम पोर्ट: लोकेशन एक नंबर, बाकी अजून व्हायचंय

हब पोर्टला, म्हणजे मोठ्या जहाजांतला माल लहान जहाजांवर चढवून पुढे पाठवणाऱ्या बंदराला, जागा कशी असावी हे बघायचं असेल तर केरळातलं विझिंजम बघा, सध्या चालू असलेल्या आपल्या बंदरांत याच्या तोडीचं लोकेशन नाही. युरोप-आशिया मेन रूट इथून जेमतेम 10 सागरी मैलांवर, म्हणजे मदर व्हेसलला (मोठ्या जहाजाला) वाट वाकडी करावी लागत नाही, आणि किनाऱ्यालगतच 18-20 मीटर नैसर्गिक खोली, वर गाळही कमी. हे गाळाचं लोकांना किरकोळ वाटतं पण सगळा खेळ तिथेच आहे. कोचीचं वल्लारपाडम टर्मिनल 2011 ला हब म्हणूनच सुरू केलं होतं, रूटपासून तेही फार लांब नाही, पण बॅकवॉटरच्या तोंडाशी आत असल्यामुळे चॅनलमधला गाळ सारखा उपसत बसावं लागतं, तो खर्च कुठूनतरी वसूल होणारच, मग शिपिंग लाइन्स (जहाज कंपन्या) कोलंबोला का नाही जाणार?

हबमधला माल तिथल्या गावाचा नसतोच. मोठ्या जहाजातून उतरवा, यार्डात ठेवा, फीडरवर (लहान जहाजावर) चढवा, बस. त्यामुळे क्रेन किती पटापट चालतात त्याला महत्त्व, आणि तो भाग इथे जबरदस्त आहे. यार्डातल्या क्रेनवर माणूसच बसत नाही, कंट्रोल रूममधून चालवतात आणि त्या चालवणाऱ्यांत आसपासच्या मच्छिमार वस्त्यांतल्या बायका आहेत, मला तर फार भारी वाटलं हे. जुलै 2024 ला पहिलं मोठं कंटेनर जहाज आलं आणि जून 2025 ला एमएससी या शिपिंग कंपनीचं 24,346 टीईयूचं (20 फुटी कंटेनरच्या हिशोबात) एमएससी इरिना इथे लागलं!

मग रेटिंगमधला एक स्टार मी का कापला? रेल्वे नाही अजून. बालरामपुरमपर्यंतची जेमतेम 10-11 किमीची लाइन, तीही बहुतेक बोगद्यातून, ती होईपर्यंत देशाच्या आतल्या मालाला याचा फारसा उपयोग नाही. दुसरं म्हणजे येणारी बहुतेक जहाजं एमएससीचीच, कोलंबोला सगळ्या बड्या लाइन्स येतात. एकाच लाइनच्या जिवावर हब चालणं मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडे लगेच म्हणतात, पालघरला वाढवण बंदर होतंय ना. अहो त्याचा हिशोब वेगळा, खोली तिथेही 20 मीटरच्या आसपास आहे पण मेन रूट सोडून बरंच वर यावं लागतं, त्याची ताकद मागच्या कारखान्यांच्या मालात आणि फ्रेट कॉरिडॉरमधे (मालगाड्यांच्या वेगळ्या मार्गात), न्हावा-शेवाच्या जेएनपीए बंदरासारखी. आणि एक, 2022 ला किनारा खचतोय म्हणून विझिंजमचे मच्छिमार काही महिने आंदोलनाला बसले, काम ठप्प झालं होतं. डहाणू-वाढवणच्या मच्छिमारांची भीती काही वेगळी नाही, त्यांच्याशी आधी बसून बोला, भराव नंतर टाका.