माएता, फुकामी की कातो? एकच घ्यायचं असेल तर

आजच्या जपानी पोर्सेलीनमधली, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची, एकच मोठी वस्तू घ्यायची असेल, तर काचेसारख्या झिलईच्या मोहात पडण्याआधी घरातला उजेड कुठून येतो ते बघा. माएता, फुकामी आणि कातो या तीन जपानी कलाकारांमधली माझी निवड त्यावरच ठरते.

माएता आकिहिरो (जन्म १९५४, तोत्तोरी) फक्त पांढऱ्यात काम करतात. जपानीत याला हाकुजी म्हणतात. नक्षी नाही, रंग नाही. चाकावर गोल घट उठवायचा आणि मग त्याच्या अंगाला पैलू पाडायचे, एवढंच. ही माती मोठी हट्टी. फारशी लवचीक नाही, सुकताना आकसते, भाजताना आणखी आकसते, जरा चुकलं की वाकडी. २०१३ साली जपान सरकारने माएतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’चा मान दिला, तो या हाकुजीच्या कारागिरीसाठीच. बाजूच्या खिडकीतून तिरपा उजेड आला की एक पैलू लख्ख, शेजारचा राखी, आणि दोघांमधली कड अगदी हलकेच वळते. दुपारी चारला तोच घट वेगळा वाटतो. छतावरच्या ट्यूबलाइटखाली मात्र सपाट, बिचारा.

फुकामी सुएहारू (जन्म १९४७, क्योतो) यांनी चाक सोडून साचा धरला. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती दाबाने भरायची, निघालेला आकार घासूनपुसून नितळ करायचा, वर निळसर पांढरी सेइहाकुजी झिलई. या झिलईचं मूळ चीनमधलं, सोंग राजघराण्याच्या काळातलं. हाती येतं ते तलवारीच्या पात्यासारखं काहीतरी. कडेला झिलई पातळ होऊन पांढरी पडते, ती धार बघत राहावी. १९८५ साली इटलीत फाएन्झा शहरातल्या आंतरराष्ट्रीय सिरॅमिक स्पर्धेत त्यांना सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण यात पाणी भरायला जागाच नाही, हे शिल्पच. त्याला मोकळी भिंत आणि चार पावलांचं अंतर हवं. घरात पळणारं पोर असेल तर नाव काढू नका.

कातो त्सुबुसा (जन्म १९६२, ताजिमी) यांचीही झिलई तीच, स्वभाव मात्र उलटा. फाटलेले काठ, ओरबाडलेलं अंग, आणि ओघळता ओघळता काठाशी गोठलेले झिलईचे थेंब. जिथे झिलई साचते तिथे निळा गडद होतो. मला आवडतात, पण आपल्याकडच्या धुळीत प्रत्येक खाचेत मऊ ब्रश फिरवावा लागेल. माएतांच्या घटावर एक फडकं पुरतं.

मी माएता घेईन. खिडकी नसलेल्या खोलीसाठी कातो, कारण त्यांचे थेंब एका छोट्या दिव्यातही चमकतात.

कुणाचंही घ्या, कलाकाराची सही आणि शिक्का असलेली लाकडी पेटी, म्हणजे तोमोबाको, आधी मागा. पेटी हरवली म्हणाले तर भाव पाडा.