निकॉन झेड ८ आणि १८०-६०० लेन्स: धीवराच्या सुरासाठी कितपत कामाची?

दोन मीटर उंचीच्या फांदीवरून सूर मारणारा धीवर (लहान खंड्या) पाण्यात शिरायला साधारण ०.६ सेकंद घेतो, तेही नुसता खाली पडला तर. पंख मारून सुटला तर त्याहून कमी. तो सुटलेला दिसून बोट दाबलं जाईपर्यंत त्यातला जवळपास पाव सेकंद गेलेला असतो. त्यामुळे या कामासाठी मेगापिक्सेल नंतर बघावेत, आधी बटण दाबण्यापूर्वीच्या फ्रेम साठवण्याची सोय बघावी. झेड ८ मध्ये ती प्री-रिलीज कॅप्चर नावाने आहे आणि मागचा एक सेकंदापर्यंतचा काळ हाती देते. मात्र ती फक्त जेपेगमध्ये चालते, रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) नाही. तीन लाखांच्या वरच्या कॅमेऱ्यात हे खटकतंच.

सी३० या सलग फोटो घेण्याच्या मोडमध्ये सेकंदाला ३० पूर्ण आकाराच्या फ्रेम मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण पाण्याजवळ पोचताना पक्ष्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या आसपास असतो. म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये तो २० सेंमी पुढे गेलेला असतो, आणि धीवराची स्वतःची लांबी १६-१७ सेंमी! चोच पाण्याला टेकतानाची फ्रेम सी३० वर मिळाली तर तो निव्वळ योग. सेकंदाला १२० फ्रेम देणाऱ्या सी१२० वर हे अंतर ५ सेंमीवर येतं, पण चित्र ११ मेगापिक्सेलचं राहतं. मासा घेऊन पाण्यातून वर येतानाच्या फोटोला सी३० पुरतं, कारण तेव्हा पक्षी हळू असतो. शिरतानाच्या फोटोसाठी सी१२०च लावा आणि चौकट आधीच घट्ट धरा, नंतर कापायला काही उरत नाही.

ही सोय वापरताना हमखास दोन चुका होतात. साठवण शटरचं बटण अर्धं दाबलं तरच सुरू होते. मागच्या बटणाने फोकस करणाऱ्यांचा अंगठा दाबलेला आणि तर्जनी मोकळी, असं होतं. शिवाय अर्धं बटण सुमारे ३० सेकंद धरून राहिलं की साठवण बंद पडते आणि पडद्यावरच्या प्री-रिलीजच्या खुणेवर फुली येते. म्हणून दर २० सेकंदांनी बोट उचलून पुन्हा दाबायचं. धीवर सुटण्याआधी डोकं वर-खाली करतो. निदान तेव्हा तरी बोट जागेवर हवं.

फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) २.०० पासून फोकससाठी पक्षी आपोआप ओळखण्याची वेगळी सोय आली. फांदीवर बसलेल्याचा डोळा ती पटकन धरते, सूर सुरू झाला की मात्र तिच्यावर विसंबू नका. फोकस मागच्या गवतावर किंवा उडालेल्या पाण्यावर जातो. त्यापेक्षा पाण्यावरच्या ठरलेल्या जागी फोकस लावून लेन्स एमवर (हाताने फोकस) टाकावी. फांदीपासून पाण्यापर्यंतची रेषा कॅमेऱ्याला समांतर राहील असं बसायचं. तुमच्याकडे येणारा सूर सोडून द्या. १० मीटरवर ६०० मिमी आणि एफ ६.३ छिद्राला तीक्ष्णतेची खोली (पुढे-मागे किती अंतर स्पष्ट दिसतं ते) जेमतेम १० सेंमी असते. ४०० मिमीवर ती दुपटीहून जास्त होते आणि उडणाऱ्या पाण्यालाही चौकटीत जागा मिळते. ६०० ची लेन्स घेऊन ४०० वर वापरायची, हे पचायला जड जातं खरं.

शटर १/३२०० सेकंदापेक्षा मंद नको. १/१००० ला पक्षी एका फ्रेममध्येच ६ मिमी सरकतो, म्हणजे डोळा पुसट. लख्ख उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ५०० च्या आसपास भागतं, सकाळच्या कोवळ्या उन्हात २००० पर्यंत जातं. जेपेग असल्यामुळे जळलेला पांढरा परत येत नाही. कवड्या खंड्याची (काळ्या-पांढऱ्या धीवराची) छाती आणि पाण्याचे थेंब वाचवायला एक्स्पोजर ०.७ स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी ठेवा, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) घरी ठेवा, तो दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो.

सेन्सर मात्र खरोखर उत्तम. त्यावरून चित्राचं वाचन इतकं जलद की यांत्रिक शटर नसूनही पंख वाकडे दिसत नाहीत. कॅनन आर७ मध्ये बटण दाबण्याआधीचा अर्धा सेकंद रॉमध्ये मिळतो, पण त्याचा सेन्सर मंद असल्यामुळे वेगातले पंख तिरके येतात. रॉच हवा असेल तर ओएम-१ कॅमेऱ्याचा प्रो कॅप्चर (हीच सोय) बघावा. सेन्सर लहान, पण या एका बाबतीत झेड ८ च्या पुढे.

लेन्सचं वजन कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २.१४ किलो. झूम आतल्या आत फिरतो, त्यामुळे जिंबलवर (ट्रायपॉडच्या झुलत्या डोक्यावर) तोल बिघडत नाही. कॉलरच्या पायाला आर्का खाच (ट्रायपॉडवर सरकवून बसवायची) नाही, वेगळी पट्टी लावावी लागते. उजनी जलाशयावर भिगवणच्या होडीत त्या पट्टीचा उपयोग नाहीच. तिथे होडीच्या काठावर तांदूळ भरलेली पिशवी ठेवून लेन्स पाण्यालगत आणायची. सुरुवात कवड्यावर करा: तो हवेत एका जागी फडफडत थांबतो, म्हणजे पूर्वसूचना देतो. तारेवरच्या पांढऱ्या गळ्याच्या खंड्यावर सकाळ घालवू नका. तो पाण्यापेक्षा नाकतोड्यांवर आणि सरड्यांवरच जास्त उतरतो.