पहिलं स्टर्लिंग इंजिन: डबा-फुगा की नळी-गोट्या?

घरी पहिलंवहिलं स्टर्लिंग, म्हणजे आत कोंडलेली हवा आळीपाळीने तापवून-गार करून चालणारं इंजिन, करायचं तर शेवटी दोनच नमुने समोर उरतात. एक, पत्र्याचा डबा: आत डिस्प्लेसर (हवेला गरम टोकाकडून थंड टोकाकडे आणि परत ढकलणारा सैल तुकडा), बाजूला ताणलेला फुगा, वर क्रँक आणि चाक. दुसरा, परीक्षानळी: टेकूवर तोललेली, आत काचेच्या गोट्या, बुचाच्या टोकाखाली काचेची सिरिंज. चहाच्या कपावर फिरणाऱ्या इंजिनाचा मोह सगळ्यांनाच होतो, पण पहिल्या खेपेला ते नको. चहा 85 अंश आणि वरची तबकडी 30 अंश धरली तर कार्नोच्या हिशेबानेच, म्हणजे उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघू शकतं त्या मर्यादेनेच, हाती 15 टक्के लागतात. तबकडी तापून 45 वर गेली की 11. एवढं तर घर्षणच खाऊन टाकतं.

मी मालवणात राहतो. दोन्ही नमुने केलेत, डब्याचा तर तीनदा. आधी डब्याचीच बाजू मांडतो, कारण त्याच्यावर माझा राग आहे आणि उगाच अन्याय नको. सामान सगळं घरातलं. चाक फिरताना दिसतं, त्यामुळे बघणाऱ्याला हे इंजिन आहे हे सांगावं लागत नाही. डिस्प्लेसर म्हणून भांड्यांची तारेची घासणी गुंडाळून टाकली तर ती जाता-येता हवेतली उष्णता धरून ठेवते आणि परत देते. स्टर्लिंगच्या 1816 च्या पेटंटमधली मूळ हुशारी तीच. घासणी स्टेनलेसची घ्या, साधी इथे टिकत नाही. फुगा चिकट होतो, पण तो बदलता येतो.

माझं बिनसलं ते झाकणातल्या भोकावरून. डिस्प्लेसरची तार तिथून वर येते. भोक सैल झालं तर हवा गळते, घट्ट झालं तर चाक अडतं. हे सगळीकडेच आहे, पण कोरड्या गावात ते एकदा जमलं की जमलं. माझं जुलैत एका रात्री सुरेख फिरलं. चार दिवसांनी हाताने चाक फिरवलं तर कर्र. तार नेमकी भोकात टेकते तिथे तांबूस कडं धरलेलं. पॉलिश पेपरने घासली, तर तार बारीक झाली आणि हवा गळू लागली. ग्रीस लावलं, गळती थांबली आणि चाकही थांबलं. नवी तार टाकली की पुन्हा पहिल्यापासून.

थंड बाजूचंही रडगाणं आहे. पुण्यात एप्रिलमध्ये झाकणावर ओलं फडकं टाकून काम भागतं. इथे हवाच इतकी दमट की फडकं नुसतं ओलं राहतं, गार होत नाही. आमच्याकडे माठातलं पाणीही जेमतेमच गार होतं, त्याचं कारणही हेच. झाकणावर विहिरीचं पाणी ओतत राहावं लागतं, आणि ते त्याच भोकाशी जमतं.

नळीत ही भानगडच नाही. गोट्या हाच डिस्प्लेसर. नळी कलली की त्या आपोआप गडगडतात. त्यांना ओढायला तार नको, म्हणून भोकही नको. क्रँक नाही, डिस्प्लेसर आणि फुग्याच्या हालचालीत 90 अंशांचं अंतर राखायचा मेळ नाही. सगळी काच आणि रबर, गंजायचं काय?

तिलाही खोडी आहेत, नाही असं नाही. नळी साध्या काचेची नको, ताप सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेचीच हवी. तरीही पहिली मी फोडलीच. गोट्या तापलेल्या बुडावर आपटतात, तिथे घासणीचा छोटा बोळा हवा. तोल साधायला माझे दोन रविवार गेले. पावसाळ्यात आतली वाफ सिरिंजमध्ये धरते आणि दट्ट्या चिकटतो. उपाय सोपा: बूच सैल ठेवून आधी नळी जरा तापवायची, दट्ट्या स्पिरिटने पुसायचा. तेल मात्र अजिबात नाही. दोन मिनिटांचं काम, ती कुरकुर मी आनंदाने सोसतो. चाक नसल्यामुळे भाचा म्हणाला, "मामा, हे तर सी-सॉ आहे." म्हणू दे.

शाळेच्या प्रदर्शनासाठी हवं असेल आणि चाकाशिवाय चालणारच नसेल तर डब्याला मी नाही म्हणणार नाही. गाव घाटावरचं असेल तर कदाचित माझं मतही वेगळं असतं. पण खारं वारं खाणाऱ्या घरात, आणि महिन्याभराने कपाटातून काढून पुन्हा चालवायचं असेल, तर मला वाटतं नळीच बघावी. नळीच्या आतला व्यास गोटीपेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त असावा. माझ्या नळीत पाच गोट्या आहेत आणि सिरिंज 5 मिलीची आहे.

काचेची सिरिंज आता औषधांच्या दुकानात सहसा मिळत नाही, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. तिथेच उभी धरून बघा: दट्ट्या आपल्या वजनाने हळूहळू उतरला पाहिजे आणि खालचं तोंड बोटाने दाबलं की थांबला पाहिजे. नाहीच मिळाली तर डबा करा, पण तार आणू नका. मासेमारीच्या दुकानातून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणा आणि डिस्प्लेसर स्वतःच्या वजनाने खाली येईल इतका जड ठेवा. पावसात ती थोडी ताणते, गाठ पुन्हा मारावी लागते, पण गंजत नाही.