उंच डर्ट बाईक आणि कमी उंचीचा रायडर: बाईक खाली आणायची, लहान घ्यायची की आहे तशीच चालवायची?

पूर्ण आकाराच्या डर्ट बाईकची सीट जमिनीपासून साधारण ९६० मिमी वर असते. होंडा सीआरएफ४५०आर, यामाहा वायझेड२५०एफ, केटीएम ३०० ईएक्ससी, कुठलीही घ्या, फरक पडला तर दहा-बारा मिमीचा. पाच फूट तीन-चार इंचांचा माणूस यावर बसला की एका पायाची बोटं जेमतेम टेकतात आणि दुसरा पाय लोंबकळतो. मग सल्ले सुरू होतात. लोअरिंग लिंक (बाईकची मागची बाजू खाली आणणारा भाग) टाक. सीट कापून घे. छोटी बाईक घे. काही नको, सवय होईल. यातला एकही सल्ला सरसकट चूक नाही, पण प्रत्येक सल्ला वेगळ्या माणसासाठी आहे. तुम्ही त्यातले कोण, हे सीटच्या उंचीच्या आकड्यावरून कळत नाही. तुम्हाला कुठे आणि किती वेळा पाय टेकावा लागतो, यावरून कळतं.

मोटोक्रॉसचंच, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचंच बघा. अमेरिकन रेसर रिकी कारमायकल उंचीने साडेपाच फुटांच्या आसपासचा, आणि त्याने एएमएच्या (अमेरिकेतल्या मोटरसायकल संघटनेच्या) राष्ट्रीय आउटडोअर स्पर्धेत २००२ आणि २००४ अशा दोन हंगामांत प्रत्येकी २४ पैकी २४ मोटो, म्हणजे शर्यती, जिंकल्या. बाईक नेहमीच्याच उंचीच्या वर्गातली. ट्रॅकवर स्टार्ट गेट सोडलं तर थांबायची वेळच येत नाही, आणि गेटपाशी कमी उंचीचे रायडर पायाखाली सरळ एक ठोकळा ठेवतात. वळणात पाय बाहेर काढतात तो तोल साधायला, जमिनीवर रोवायला नाही. याच्या उलट, दगडधोंड्यांची अरुंद पायवाट, ओल्या मुळ्या, अर्ध्यात अडकवणारा चढ. तिथे दर काही मिनिटांनी पाय टेकतो, आणि तो टेकला नाही की शंभर किलोंहून जड बाईक आडवी. एकाच रायडरसाठी पहिल्या ठिकाणी उंची हा प्रश्नच नसतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोच एकमेव प्रश्न असतो.

ही उंची कंपनीने हौसेने दिलेली नसते. सस्पेन्शनला सुमारे ३०० मिमी प्रवास (चाक वर-खाली होण्याचं अंतर) हवा, इंजिनखाली साडेतीनशे मिमीच्या आसपास मोकळी जागा हवी, त्यावर फ्रेम, त्यावर सीट. म्हणून बाईक खाली आणताना यातलं काहीतरी द्यावंच लागतं. काय द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे.

पैसे घालण्याआधी सॅग (वजनाने बाईक किती दबते ते) मोजा

कमी उंचीचे रायडर बहुतेकदा वजनानेही हलके असतात, आणि हे कोणी लक्षात घेत नाही. पूर्ण आकाराच्या बाईकवर कंपनीची स्प्रिंग साधारण ७५ ते ८५ किलोंचा रायडर धरून बसवलेली असते. ५८ किलोंचा माणूस बसला की बाईक हवी तेवढी दबतच नाही. म्हणजे मुळात उंच असलेली बाईक त्याच्यासाठी आणखी उंच राहते, आणि वर खडबडीत जागी उडवतेही.

मोजायचं असं. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग हेल्मेट, बूट असं सगळं अंगावर चढवून बाईकवर बसा, पाय फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर), कोणाला तरी बाईक धरायला सांगा, आणि तेच अंतर पुन्हा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे रायडर सॅग. तो साधारण १०० मिमी हवा, म्हणजे एकूण प्रवासाच्या एक तृतीयांश. तुमचा ७५ येत असेल तर तुमच्या वजनाची मऊ स्प्रिंग घातल्यावर मागची बाजू २५ मिमीने खाली येते. सीट त्याहून थोडी कमी, कारण ती दोन चाकांच्या मधे असते. प्रवासातला एक मिलिमीटरही गमावलेला नसतो.

नुसता प्रीलोड (स्प्रिंग आधीच जेवढी दाबून ठेवलेली असते ते) सैल करून तोच आकडा गाठता येतो, पण ती फसवणूक आहे. मग बाईक स्वतःच्याच वजनाने जास्त खाली बसते आणि तुम्ही बसल्यावर फारशी दबत नाही. माणसाशिवायचा सॅग ३० ते ४० मिमीच्या बराच वर गेला की समजावं, स्प्रिंग अजून कडकच आहे.

माझ्या मते या एका कामाआधी लिंक, सीट, नवी बाईक यांपैकी कशाचाही विचार करू नये.

आहे तशीच चालवणं

यात बाईकचं काही जात नाही. जागा, प्रवास, वळणातला स्वभाव, सगळं जसंच्या तसं. जातो तो तुमचा वेळ आणि सुरुवातीचे काही महिने कोपर-गुडघ्यांचं कातडं.

पहिली गोष्ट, दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडायचा. थांबताना पहिला गिअर आधीच पडलेला हवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, आणि डाव्या बाजूला कुल्ला सीटवरून अर्धा खाली सरकवून डावा पाय पूर्ण रोवायचा. ९६० मिमीची बाईक तुमच्या वजनाने ८८० च्या आसपास येते. बुटाच्या तळव्याचे दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, आणि उरलेलं अंतर या सरकण्याने भरून निघतं. चवड्यावर थरथरत दोन्ही पाय टेकवण्यापेक्षा एक पाय टाचेसकट रोवलेला कधीही बरा.

दुसरी गोष्ट, थांबायची जागा थांबण्याआधी शोधायची. डावीकडे दगड, उंचवटा, झाडाचं खोड, काहीही. आडव्या उतारावर पाय नेहमी वरच्या बाजूलाच टेकायचा, खालच्या बाजूला टेकायला गेलात की जमीन तिथे नसतेच. चढावर इंजिन बंद पडलं तर फक्त पुढच्या ब्रेकवर भिस्त नको, कारण वजन मागे गेलेलं असतं आणि पुढचं चाक घसरतं. गिअर तसाच ठेवून क्लच सोडायचा, बंद इंजिनच बाईकला धरून ठेवतं.

चढून बसायचीही एक पद्धत आहे. डावा पाय फूटपेगवर, पहिला गिअर, क्लच हळूच सोडायचा आणि बाईक सरकायला लागली की उजवा पाय वरून टाकायचा. साइड स्टँडवर उभ्या बाईकच्या पेगवर सगळं वजन टाकून चढू नका, डर्ट बाईकचे स्टँड त्यासाठी बनवलेले नसतात.

हे सगळं ज्याला क्लच आणि तोल आधीच जमतो त्याच्यासाठी. नवख्याला ‘सवय होईल’ सांगणं मला पटत नाही. पाय पोहोचत नाही या भीतीने त्याची नजर पुढच्या चाकावर खिळते, वेग मंदावतो, इंजिन बंद पडतं आणि जे व्हायचं तेच होतं. तो बाईक शिकत नाही, पडणं टाळायला शिकतो.

सीट

फोम कापून २५ ते ४० मिमी मिळतात. सर्वात सोपं काम, आणि मूळ सीट जपून ठेवली तर उलटं फिरवता येणारं. पण सीट आणि फूटपेगमधलं अंतर कमी होतं, गुडघे जास्त दुमडतात आणि दर वेळी उभं राहायला जास्त जोर लागतो. खडबडीत वाटेवर बराचसा वेळ उभ्यानेच जातो, तेव्हा दिवसअखेर मांड्या हिशोब मागतात. मधोमध खोलगट भाग कापला तर आणखी वाईट, वळणात पुढे सरकायला जावं आणि खड्ड्यात अडकून राहावं.

कापायचंच असेल तर उंचीपेक्षा कडांकडे बघा. सीटचा पुढचा भाग दोन्ही बाजूंनी निमुळता केला की पाय सरळ खाली जातो, आणि फोमची उंची फारशी न घटवताही पाय लक्षणीय जास्त पोहोचतो.

लिंक की आतून आखूड केलेलं सस्पेन्शन

बहुतेकांची गाडी इथे चुकीच्या वळणावर जाते, कारण लिंक स्वस्त असते आणि घरच्या घरी बसते.

लोअरिंग लिंक म्हणजे मागच्या लिंकेजमधला (मागचा शॉक आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म यांना जोडणाऱ्या तरफांमधला) मूळपेक्षा वेगळ्या मापाचा दुवा. त्याने शॉक तेवढाच राहतो, पण स्विंगआर्मची जागा बदलते आणि मागची बाजू खाली येते. अडचण अशी की ती सगळीकडेच खाली येते. बाईक पूर्ण दबलेली असतानासुद्धा चाक आधीपेक्षा वर जातं. मोठ्या उडीनंतर टायर मडगार्डला घासला तर नवल नाही. शिवाय तरफेचं गुणोत्तर बदलल्यामुळे शॉक बहुधा मऊ वाटायला लागतो, आणि हे नेमकं तेव्हा, जेव्हा प्रवास वाचवायची गरज असते.

मग पुढची बाजू. फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढचंही खाली आणावं लागतं, पण फोर्कची टोकं हँडलबारला टेकेपर्यंतच, आणि फार सरकवले तर पुढचा टायरही मडगार्डला लागतो. मागे ४० मिमी आणि पुढे जेमतेम १० मिमी अशी बाईक नाक वर करून चालते. स्टिअरिंग आळसावतं आणि सैल मातीच्या वळणात पुढचं चाक पकड सोडतं. रायडर म्हणतो, मलाच वळता येत नाही.

आणि केटीएमच्या ईएक्ससी बाईकना मागे लिंकेजच नसतं, शॉक थेट स्विंगआर्मला जोडलेला असतो. तिथे हा पर्याय मुळातच उरत नाही. हस्कवारनाच्या टीई आणि एफई बाईकना लिंकेज असतं, तिथे लिंक बसते.

आतून आखूड करणं हे वेगळंच काम आहे. शॉकच्या आत आणि फोर्कच्या कार्ट्रिजमध्ये स्पेसर घालतात, त्यामुळे सस्पेन्शन पूर्ण उघडत नाही. दबण्याची शेवटची जागा मूळचीच राहते, म्हणून टायर कुठे लागत नाही. पुढे-मागे सारखंच कमी केल्याने स्टिअरिंगचा कोनही हलत नाही. जातो तो प्रवास आणि तेवढीच जमिनीपासूनची जागा. ५० मिमी कमी केलं तर ३०० चे २५० उरतात.

२५० कमी वाटतात का? कमी उंचीच्या रायडरला हमखास सुचवली जाणारी होंडा सीआरएफ२५०एफ मागच्या चाकाला मुळातच सुमारे २३० मिमी देते. म्हणजे आखूड केलेली मोठी बाईक लहान बाईकपेक्षा अजूनही जास्त दबते, आणि तिचं सस्पेन्शन दर्जानेही वरचं असतं.

हे काम सस्पेन्शनचाच मेकॅनिक करणार, कारण शॉकमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. तो खोलतच आहे तर तुमच्या वजनाची स्प्रिंग आणि व्हॉल्व्हिंगही (आतल्या तेलाचा प्रवाह ठरवणारी जुळणी) त्याच वेळी करून घ्यावं. स्पेसर काढले की बाईक पुन्हा मूळ उंचीची, त्यामुळे विकतानाही अडत नाही. मोठी बाईकच हवी, वाट दगडाधोंड्यांची आहे आणि पाय टेकायलाच हवा, अशा माणसाला मी दुसरं काही सुचवणार नाही. एक तोटा मात्र खरा आहे. गेलेले ५० मिमी इंजिनखालचेही असतात, आडवे ओंडके ओलांडताना खालची प्लेट जास्त वेळा आपटणार. जाड स्किड प्लेट आधीच बसवा.

लहान बाईक

यामाहा टीटीआर२३० ची सीट ८७० मिमी, सीआरएफ२५०एफ ची ८८३. दोन्हींना एअर-कूल्ड इंजिन, बटण स्टार्ट आणि गरीब स्वभाव. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. इथे चूक झाली तरी पाय खाली पोहोचतो, म्हणून माणूस चूक करून बघायला धजावतो.

पण सीट खाली म्हणजे वजन कमी, असं समजून घेऊ नका. सीआरएफ२५०एफ पेट्रोलसकट तयार अवस्थेत १२० किलो भरते, टीटीआर २३० सुमारे ११४. ९६० मिमीची ३०० ईएक्ससी पेट्रोलशिवाय १०५ ते १०८ किलोंच्या घरात. म्हणजे पडलेली बाईक उचलताना ‘सोपी’ बाईक जास्त दमवू शकते. खरंच हलकी आणि बुटकी हवी तर यामाहा टीटीआर१२५एलई बघा, ८०५ मिमी आणि ९० किलोंच्या आसपास. मात्र चाकं पुढे १९ आणि मागे १६ इंची. पूर्ण आकाराचं २१ इंची चाक ज्या मुळीवरून लीलया जातं, तिथे १९ इंची थोडं अडखळतं. चढावर १२५ ची ताकदही लवकर संपते.

मधली जागाही आहे. बीटाची एक्सट्रेनर ३०० सीटला सुमारे ९१० मिमी, पूर्ण आकाराची चाकं, सौम्य केलेलं टू-स्ट्रोक इंजिन. उड्या मारायच्या नसतील आणि जंगलातल्या अवघड वाटाच करायच्या असतील तर मोठी बाईक घेऊन ती कापत बसण्यापेक्षा ही जास्त शहाणपणाची.

ऑटो क्लच

उंचीच्या चर्चेत हा विषय निघत नाही, पण निघायला हवा. कमी उंचीचा रायडर पडतो तो बहुतेकदा इंजिन बंद पडल्यामुळे. रेक्लूजसारखा केंद्रोत्सारी (इंजिनचे फेरे उतरले की आपोआप सुटणारा) ऑटो क्लच घातला की वेग शून्यावर आला तरी इंजिन चालू राहतं, आणि बाईक पडायच्या आधी थ्रॉटल देऊन निघता येतं. डाव्या हाताने चालणारा मागचा ब्रेक सोबत बसवला तर उजवा पायही टेकायला मोकळा, म्हणजे ज्या बाजूला जमीन वर असेल तो पाय वापरता येतो. आडव्या उतारावर हा फरक चाळीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या लिंकपेक्षा मोठा ठरू शकतो. फक्त एक लक्षात ठेवा: ऑटो क्लच असताना इंजिन बंद पडलं की गिअर बाईकला धरून ठेवत नाही. चढावर थांबलात तर ब्रेक धरूनच ठेवावा लागतो.

कुठल्याही मार्गाने बाईक खाली आणली तर साइड स्टँडही तेवढा आखूड करून घ्या, नाहीतर उभी बाईक दुसऱ्या बाजूला कलंडते. चेनचा ताणही नव्याने तपासा. स्विंगआर्मचा कोन बदलला की आधी बरोबर असलेला ताण चुकीचा होतो, आणि घट्ट चेन सस्पेन्शनला दबूच देत नाही.