एक्झोसेटसाठी इंजिन माऊंट: कडक रबर की पॉलियुरेथेन?

मझदा एमएक्स-5 चं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) काढून एमईव्ही एक्झोसेट, म्हणजे उघड्या नळ्यांच्या सांगाड्याची, स्वतः जुळवायची किट कार बांधायची, तर जुने माऊंट, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणारे आणि कंपनं शोषणारे रबरी आधार, परत बसवू नका. वरून धड दिसणारं रबर आतून पत्र्यापासून सुटलेलं असतं. नवीन घेताना तीन पर्याय आहेत: मूळ दर्जाचं रबर, मझदाचंच कॉम्पिटिशन माऊंट (माप तेच, रबर जास्त कडक) आणि पॉलियुरेथेन (रबरासारखंच, पण जास्त कडक प्लास्टिक). रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असा वापर असेल, तर आमचं मत कॉम्पिटिशनला.

पॉलियुरेथेनची अडचण आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा, कळते. चार सिलिंडरचं इंजिन 850 आरपीएमला सेकंदाला सुमारे 28 धक्के देतं. माऊंटवरच्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या 14 हर्ट्झ धरली, तर तिच्या सुमारे 1.4 पट, म्हणजे साधारण 20 हर्ट्झच्या वरची कंपनं माऊंट अडवतो, म्हणजे आयडल सुखरूप. माऊंट दुप्पट कडक केला की 14 चे 20 होतात आणि अडवणं सुरू होण्याची हद्द थेट 28 वर जाते. मग सिग्नलला उभं असताना आरसे धूसर, सीट थरथरती. मूळ गाडीतलं कार्पेट आणि बॉडीचं वजन इथे नसल्यामुळे नळ्यांच्या चासीत हे फारच जाणवतं. आयडल 950 ते 1000 केलं की बरंच निवतं. 70ए कडकपणाचं (शोअर ए मापावर, आकडा मोठा तितकं कडक) पॉलियुरेथेन सहन होतं. 90ए च्या आसपासचं फक्त ट्रॅकच्या गाडीला. सॉलिड (रबराशिवाय, निव्वळ धातूच्या) माऊंटचा विचारही नको, ब्रॅकेटच्या वेल्डला तडे जातात.

कडकपणाचा फायदा मात्र खरा आहे. या गाडीत गिअर लिव्हर थेट गिअरबॉक्समधून वर येतो, त्यामुळे इंजिन डोललं की लिव्हरही डोलतो. गिअरबॉक्सला वेगळा माऊंट नाही. पीपीएफ नावाची अॅल्युमिनियमची तुळई त्याला डिफरन्शियलशी जोडते. म्हणजे सगळा भार दोन इंजिन माऊंट आणि डिफरन्शियलच्या दोन बुशांवर (रबरी आधारांवर). पुढचे माऊंट कडक करून मागचे बुश ढिलेच ठेवले तर निम्मे पैसे वाया. बुश फाटले नाहीत ना, तेही बघून घ्या.

पॉलियुरेथेनच घ्यायचं असेल तर माऊंटचे दोन्ही धातूचे भाग एकमेकांत अडकलेली रचना बघा. नुसतं चिकटवलेलं असेल आणि जोड सुटला, तर इंजिन उचललं जाईल. गाडी जोरात वेग घेताना ड्रायव्हरच्या सीटवरून पाहता इंजिनाची डावी बाजू वर उठते, ताण तिथलाच माऊंट खातो. एक्झॉस्टच्या बाजूला पत्र्याची हीट शील्ड लावा, उष्णतेने पॉलियुरेथेन मऊ पडतं.

बसवताना सम्पखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) जाड लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाचं वजन फक्त तोलून धरा, उचलू नका. एका वेळी एकच बाजू सोडा. नवे बोल्ट आधी हातानेच फिरवा, दोन्ही बाजू बसल्यावर जॅक उतरवा, इंजिनाला आपली जागा घेऊ द्या आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. पीपीएफ ढिली केली असेल तर तिची उंची मॅन्युअलप्रमाणे पुन्हा जुळवा, नाहीतर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन बिघडून वेगात घरघर येते.

मॅनिफोल्ड (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) आणि चासीच्या नळीत किमान 10 ते 15 मिमी फट हवी. एक्झॉस्टमध्ये लवचीक जोड नसेल तर माऊंट काहीही घ्या, मॅनिफोल्डला तडा ठरलेला. पहिल्या 500 किमीनंतर बोल्ट पुन्हा तपासा. तेव्हाच दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून, गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उठतं ते पाहा. समोर मात्र उभं राहू नका.