द्राक्षबागेत ‘जेड’चा फिरता एजंट: वापराचा अनुभव

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर आम्ही पानांवरील ओलावा आणि तापमान नोंदवणारे तीन रास्पबेरी पाय (छोटे संगणक) बसवले आणि त्यांतील नोंदी गोळा करण्यासाठी ‘जेड’ ही जावात लिहिलेली, मुक्त परवान्याची एजंट-प्रणाली वापरून पाहिली. टेलिकॉम इटालियाच्या प्रयोगशाळेत घडलेल्या या प्रणालीतील फिरता एजंट म्हणजे स्वतःचा कोड आणि जमवलेली माहिती घेऊन एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणारा प्रोग्राम. पालवी दाटली की वायफाय मधल्या ओळींपर्यंत धड पोहोचत नाही. अशा वेळी सगळ्या नोंदी घरच्या संगणकावर ओढत बसण्यापेक्षा एजंटनेच तिथे जाऊन त्या चाळाव्यात आणि डाऊनी (केवडा) रोगाला पोषक ठरलेले तास तेवढे घेऊन परतावे, असा आमचा बेत होता.

पहिल्या दिवशी एजंट जागचा हलला नाही. चूक आमचीच होती. नोंदींची उघडी फाईल आम्ही त्याच्यातच ठेवली होती आणि अशी वस्तू जावाला एजंटसोबत पाठवण्यासाठी गाठोड्यात बांधता येत नाही. त्या फाईलचे फील्ड ‘ट्रान्झिएंट’ (म्हणजे गाठोड्यातून वगळलेले) केले, निघण्यापूर्वी चालणाऱ्या ‘बिफोरमूव्ह’मध्ये फाईल बंद करून पोहोचल्यावर चालणाऱ्या ‘आफ्टरमूव्ह’मध्ये नव्याने उघडली, तेव्हा कुठे स्वारी निघाली. एजंट कोडच्या ज्या ओळीवर थांबला तिथूनच पुढे सुरू होत नाही, हेही नवख्याने आधीच ध्यानात घ्यावे.

मोबाईलवर मात्र प्रणालीने निराशा केली. तिथल्या ‘लीप’ आवृत्तीत कंटेनरचा (एजंट ज्यात चालतो त्या व्यवस्थेचा) हलका भाग फोनवर आणि उरलेला सर्व्हरवर राहतो; रेंज गेली तरी संदेश साठून राहतात आणि जोडणी आल्यावर पोहोचतात, ही सोय उत्तम आहे. पण या दुभागलेल्या रचनेत एजंटला स्थलांतरच करता येत नाही, आणि आम्हाला तर शेतकऱ्याच्या फोनवरूनच तो धाडायचा होता. बाहेरून आलेला कोड आपल्या यंत्रावर चालू द्यायचा की नाही, ही धास्ती वेगळीच.

शिवाय आमची एकेक नोंद जेमतेम काही बाइटची. तेवढ्यासाठी, १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्याकरिता तयार झालेला एमक्यूटीटी हा संदेश पाठवण्याचा प्रोटोकॉल पुरेसा आहे आणि आता बागेत तोच चालू आहे. पानांचे फोटो जागेवरच तपासून केवळ निष्कर्ष आणायचा झाला, तर जेडचा एजंट पुन्हा पाठवू.