कौन्सिलची एएसबी टीम: काम होतं, पण वही तुमची हवी (५ पैकी ३ तारे)

आधीच सांगते, काम झालं. पण चौदा महिने लागले आणि त्यातले पहिले पाच माझ्या अडाणीपणात गेले. इंग्लंडात ब्लॉकमध्ये भाड्याने राहणाऱ्या आपल्या माणसांपैकी कुणाला शेजारी छळत असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. कौन्सिलचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर १९ वर्षांचा एक मुलगा आईबरोबर राहतो. मी त्याच्या डोक्यावर. हॉस्पिटलच्या फार्मसीत माझी सकाळची पाळी, पाचला उठावं लागतं. रात्री अकरानंतर याचे मित्र मागच्या कार पार्कमध्ये जमायचे आणि गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसता बास. तो भिंतीतून पलंगात आणि पलंगातून माझ्या दाढांत. जिन्यात गांजाचा वास. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा खिडकीतून हटकलं, तर दोन दिवसांनी त्यांच्या दाराच्या टपालफटीतून पेटतं थोटूक आत पडलं. कुणी टाकलं ते कुणी पाहिलं नाही. त्यानंतर त्या या विषयावर बोलेनाशाच झाल्या, पोलिसांशीसुद्धा.

१०१ ला, म्हणजे पोलिसांच्या बिनतातडीच्या नंबरला, फोन केला, त्यांनी कौन्सिलच्या एएसबी टीमकडे पाठवलं. अँटी-सोशल बिहेविअर, म्हणजे आजूबाजूच्यांना जाच होईल असं वागणं, त्याचं हे एएसबी. इथे सगळे तसंच म्हणतात. टीमने एक ॲप दिलं, त्यात एका वेळी ३० सेकंद आवाज रेकॉर्ड होतो. कल्पना चांगली आहे, पण माझ्या फोनच्या माइकला बास पकडताच येत नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो तो माझा पंखा. त्यापेक्षा त्यांनी दिलेले डायरीचे छापील कागद कामाला आले. तारीख, वेळ, काय झालं, तुमच्यावर काय परिणाम झाला. शेवटचा रकाना भरायला मला लाज वाटायची. 'झोप लागली नाही' हे तरी किती वेळा लिहिणार? पण पुढे कोर्टात वाचला गेला तो तोच रकाना.

आता माझा अडाणीपणा. मी अकरा वेळा तक्रार केली. दर वेळी फोनवरच्या बाई गोड आवाजात म्हणायच्या, "तुमच्या जुन्याच केसला जोडते हं." मला वाटायचं, वा, फाइल जाड होतेय. पाच महिन्यांत काहीच हललं नाही, तेव्हा केस रिव्ह्यू मागितला. याला आधी कम्युनिटी ट्रिगर म्हणायचे. २०१४ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, पैसे पडत नाहीत. सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या असतील तर कौन्सिल, पोलीस, आरोग्य खातं आणि घरमालक संस्था यांनी एकत्र बसून तुमच्या प्रकरणात काय केलं, काय नाही ते तपासायचं. मला उत्तर आलं: आपली पात्र तक्रार एकच आहे. अकरा फोन, पण सगळे एकाच केस नंबरखाली, म्हणून तक्रार एक! त्या दिवशी मी कामावर दोनदा लेबल चुकवलं. चुकीचं लेबल बाहेर गेलं नाही, दुसरीने तपासलं म्हणून.

मग प्रत्येक घटनेला वेगळा नंबर मागून घ्यायला लागले आणि दीड महिन्यात रिव्ह्यू बसला. एक तारा इथेच कापते. हा नियम पहिल्या फोनवर सांगायला कुणाच्या खिशातलं काय जात होतं?

रिव्ह्यूनंतर मात्र टीम खरंच हलली. नवी केस ऑफिसर मिळाली, ती घरी येऊन माझ्या पलंगावर हात ठेवून बसली आणि बास तिच्या हाताला लागला. आधी त्या मुलाकडून एबीसीवर सही घेतली. म्हणजे 'मी असं वागणार नाही' असा लेखी करार. तो मोडला म्हणून थेट शिक्षा होत नाही, पण पुढे पुरावा म्हणून चालतो. नऊ दिवस टिकला. मग लेखी ताकीद, मग कम्युनिटी प्रोटेक्शन नोटीस, म्हणजे 'हा त्रास थांबव' अशी कायदेशीर नोटीस, आणि शेवटी काउंटी कोर्टात इंजंक्शन, म्हणजे मनाईचा आदेश.

सुनावणीत माझा जीव भांड्यात पडला तो एका गोष्टीने. समोरच्या बाईंना यावं लागलं नाही. त्यांनी शेवटी ऑफिसरपाशी जे सांगितलं ते तिने आपल्या जबानीत मांडलं. दिवाणी मामला, त्यामुळे ऐकीव गोष्टही चालते. शिवाय शंकेला जागा न उरेपर्यंत सिद्ध करायचं नसतं, पारडं थोडं झुकलं तरी पुरतं. पूर्वीच्या 'ॲस्बो'त, म्हणजे १९९८ च्या कायद्यातल्या आदेशात, पारड्याचं तसं नव्हतं. २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हा सगळ्यात वरचं कोर्ट तेच) ठरवलं होतं की मामला दिवाणी असला तरी पुरावा फौजदारी तोडीचा हवा. २०१४ च्या कायद्याने ॲस्बो गेला आणि ही पायरी खाली आली. आदेश मोडला तर कोर्टाचा अवमान, प्रौढाला दोन वर्षांपर्यंत कैद. आदेश एक वर्षाचा मिळाला: रात्री दहा ते सकाळी सहा कार पार्कमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि समोरच्या बाईंशी बोलायचं नाही.

मी खुशीत भाच्याला फोन केला. तो लीड्सला कायदा शिकतो. म्हटलं, बघ, गुन्हा सिद्ध न होता मुलाला वेसण घातली. तो म्हणाला, "मावशी, हाच साचा दहशतवादाच्या संशयितांना लावतात, ठाऊक आहे ना?" नव्हतं ठाऊक. ९/११ नंतर परदेशी संशयितांना इथे खटल्याशिवाय बेलमार्शच्या तुरुंगात ठेवत. डिसेंबर २००४ मध्ये लॉर्ड्सनी ८ विरुद्ध १ मतांनी त्यावर ताशेरे ओढले, तेव्हा २००५ ला कंट्रोल ऑर्डर आल्या: गुन्हा शाबीत नाही, पण घरात कर्फ्यू, फोनवर बंधनं, आणि मोडलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. ॲस्बो मोडल्यालाही तेवढीच होती. २०११ च्या कायद्याने कंट्रोल ऑर्डर जाऊन टीपिम आले, म्हणजे संशयितावर बंधनं घालणारे त्याच जातीचे नवे आदेश. २०१५ पासून त्यात माणसाला घरापासून २०० मैलांपर्यंत लांब नेऊन ठेवता येतं.

"म्हणजे तडीपारच की," मी म्हटलं.

"तडीपारीत पोलीस म्हणतात, आमच्या हद्दीतून जा, कुठेही राहा," तो म्हणाला. "इथे कुठे राहायचं तेही सरकार सांगतं. आणि पुराव्याचा काही भाग संशयिताला दाखवतच नाहीत. त्याच्यासाठी खास वकील नेमतात, पण त्या वकिलाने गुप्त कागद पाहिले की कोर्टाच्या परवानगीशिवाय तो त्याच्याशी त्यावर बोलू शकत नाही." २००९ मध्ये लॉर्ड्सना सांगावं लागलं की निदान उत्तर देता येईल इतकं तरी त्या माणसाला कळलं पाहिजे.

मी म्हटलं, अरे, कुठे बॉम्ब आणि कुठे बास. तो म्हणाला, म्हणूनच. त्यावर मला उत्तर सुचलं नाही, पण माझी झोप मला प्यारी आहे आणि तक्रार मी मागे घेतली नसती हेही खरं.

आदेशानंतर दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. रात्री दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तो मुलगा कार पार्कच्या बाहेर, फुटपाथच्या कडेला उभा. पाऊस पडत होता. त्याची आई घरातल्या चपला घालून गाडीकडे गेली, डिकीतून त्याची कामाची बॅग काढली आणि त्याला नेऊन दिली. त्याच्या बुटांची पुढची टोकं बरोबर पिवळ्या रेघेच्या बाहेर. डायरीचा कागद समोर ओट्यावरच होता. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तर तारे. केस ऑफिसरला पाच. ॲपला एक. फोनवरच्या कारभाराला दोन. एकूण तीन देते.

या मार्चमध्ये आदेशाची मुदत संपतेय. पुढे परत सुरू झालं तर काय, असं टीमला विचारलं. फोनवर त्याच बाई होत्या. म्हणाल्या, "काळजी करू नका, तुमच्या जुन्याच केसला जोडते हं."